स्मरणचित्रातली विहीर

अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या उजवीकडे एक छोटे दालन आहे. त्यात हारीती आणि पांचिक यांची जोडमूर्ती आहे. हारीती ही आधी लोकांची मुले पळवणारी यक्षिणी होती आणि बुद्धाच्या उपदेशानंतर ती मुलांची राखणदार झाली, अशी कथा आहे. मूर्तीच्या पायाशी, बैठकीवर, शिल्पकाराने एक शाळा कोरली आहे. गुरुजींच्या हातात छडी आहे. पुढची मुले अभ्यासात आहेत. मागच्या मुलांचे मात्र शिकण्यात लक्ष नाही, त्यांनी मेंढ्यांची टक्कर लावली आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून आलेली माणसे या लेण्यात छतावरची नक्षी पाहतात आणि बाहेर पडतात. खाली वाकून ही शाळा पाहणारे फार थोडे. मीही पहिल्या तीन-चार फेऱ्यांत ती पाहिली नव्हती.

ज्या दिवशी पाहिली त्या दिवशी मला माझा चित्रकलेचा तास आठवला. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने कधीतरी, कुठेतरी, खरा वर्ग पाहिला असला पाहिजे. पुढच्या रांगेतले आणि मागच्या रांगेतले मूल यांत फरक असतो, हे कोणत्याही शिल्पग्रंथातून उतरवून घेता येत नाही. त्याने ते पाहिले, लक्षात ठेवले आणि दगडासमोर बसल्यावर आठवून कोरले. आपल्या शालेय परीक्षेच्या भाषेत याला ‘स्मरणचित्र’ म्हणायला हवे. आणि त्याच परीक्षेत मी काढलेले स्मरणचित्र आठवले, तेव्हा मला मनातल्या मनात ओशाळल्यासारखे झाले. हा लेख त्या ओशाळण्यातून सुरू झाला आहे.

शाळेत मुलांना चित्रकला का शिकवावी, यावर आपल्याकडे चांगले बोलणारे पुष्कळ आहेत. सृजनशीलता वाढते, एकाग्रता येते, ताण कमी होतो, असे सांगितले जाते. मला या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहायचे आहे. महाराष्ट्रात कितीतरी पिढ्यांनी चित्रकलेची एक ठोस गोष्ट केली आहे: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. मराठी घरात चित्रकला म्हटले की अजूनही या दोन परीक्षांची नावे निघतात. एखाद्या पुस्तकाची करावी तशी या परीक्षेची समीक्षा करता येईल का, हे मला पाहायचे आहे. ती मुलाकडे काय मागते आणि त्याला काय देते?

*

माझा अनुभव आधी सांगतो. १९८२ साली मी एलिमेंटरीला बसलो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती असे पेपर होते. शाळेचे नाव सांगत नाही, कारण त्या काळी बहुतेक शाळांत हेच चालत असे. आमच्या सरांनी दोन महिने आधीपासून स्मरणचित्राचे पाच-सहा विषय ठरवून पक्के करून घेतले होते. बाजार, बसथांबा, शेतातले काम, होळी आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या स्त्रिया. प्रत्येक विषयाची मांडणी फळ्यावर काढून दिलेली होती. विहीर कागदाच्या डावीकडे, कठड्यावर वाकलेली एक बाई, दुसरी कमरेवर घागर घेऊन पाठमोरी, मागे दोन नारळाची झाडे, त्यांच्यामागे डोंगर. पाठमोरी बाई काढली की चेहरा काढावा लागत नाही, ही युक्ती सरांनी हळू आवाजात सांगितली होती. विषय नेमका पाण्याचाच आला. मी पाठ केलेले चित्र उतरवले. मला ‘ब’ श्रेणी मिळाली आणि घरी पेढे आणले गेले.

त्या वेळी आम्ही गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नगरपालिकेच्या नळावर पाणी भरत होतो. पहाटे रांग लागायची. रांगेत माणसाऐवजी बादली, डबा, कधी नुसती वीट ठेवलेली असायची आणि ती वीट कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असायचे. मी रोज त्या रांगेत उभा राहत होतो. माझ्या चित्रात मात्र नळ नव्हता, रांग नव्हती, वीट नव्हती. होती ती मी कधी पाणी न भरलेली विहीर आणि आमच्या परिसरात शोधूनही सहज न सापडणारी नारळाची झाडे. स्मरणाच्या परीक्षेत मी माझे एकही स्मरण वापरले नव्हते.

यात सरांचा दोष मी मानत नाही. आठवीतल्या पन्नास-साठ मुलांना आठवड्यातून एका तासात परीक्षेसाठी तयार करायचे, तर दुसरे काय करणार? पुढे घरच्या परिस्थितीमुळे कला महाविद्यालयाचा विचारही करता आला नाही. मी एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागलो आणि चित्रांशी संबंध राहिला तो ब्लॉक, लग्नपत्रिका आणि रद्दीतून जमवलेल्या पुस्तकांपुरता. पण त्या ‘ब’ श्रेणीच्या चित्राचा प्रश्न मनातून गेला नाही.

*

या परीक्षेचे गोत्र शोधायचे, तर एकोणिसाव्या शतकात जावे लागते. १८५१ साली लंडनमध्ये मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. यंत्रावर तयार होणाऱ्या मालाचे रूप ओबडधोबड आहे, हे इंग्रज कारखानदारांना तिथे उघड दिसले. कारागिराचा हात आणि डोळा सुधारला पाहिजे, या विचाराने हेन्री कोल यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण केन्सिंग्टनची शिक्षणपद्धती उभी राहिली. ठरावीक क्रमाने रेषा, भूमिती, नक्षी, साच्यावरून रेखाटन आणि प्रत्येक पायरीला परीक्षा, असा तिचा साचा होता. ‘ग्रेड’ ही कल्पनाही तिथलीच. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि १८५७ साली त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. तिथे पुढे रुजलेल्या शिक्षणावर याच पद्धतीची छाया होती. हेतू उद्योगाचा होता, चित्रकार घडवण्याचा हेतू नंतर आला. आपल्या शालेय परीक्षेत संकल्पचित्राला आणि भूमितीला जे स्थान आहे, त्याचा उगम मला इथे दिसतो.

याच शाळेचा आमच्या जिल्ह्याशी एक धागा आहे. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतांशी गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या कामापैकीही बराच भाग १८८५ साली दक्षिण केन्सिंग्टनच्या आगीत नष्ट झाला. उरलेल्यावरून त्यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी या मोहिमेत होते. लेण्यात महिनोन्‌महिने बसून एकेक हात, एकेक पापणी पाहणे हे किती मोठे शिक्षण असेल! पण त्या शिक्षणातून शाळांपर्यंत जे झिरपले ते मुख्यतः नक्षी होती. अजिंठ्याच्या छतावरची कमळे आणि हंस जे. जे.च्या मातीच्या भांड्यांवर आले. भिंतीवरच्या माणसांकडे पाहण्याची सवय मात्र मुलांच्या वर्गापर्यंत पोचली नाही.

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नकला करण्यासाठी दुसरी एक तुकडी आली. तिच्यात नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार हे तरुण चित्रकार होते. तेही नकलाच करत होते. पण नंदलाल बोस पुढे शांतिनिकेतनात शिकवू लागले, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्याची कमळे गिरवायला लावण्यावर समाधान मानले नाही. झाड, गुरे, रस्त्यावरचा माणूस पाहायचा आणि मग कागदाकडे वळायचे, असा त्यांचा आग्रह होता. १९३६ साली आपल्या खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्याची सजावट त्यांनी बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून केली. एकाच अजिंठ्यातून निघालेल्या या दोन वाटा आहेत. एकीने आकार उचलला, दुसरीने पाहण्याची रीत उचलली. आपल्या शालेय परीक्षेने पहिली वाट धरली.

दुसरी वाट महाराष्ट्रात आलीच नाही असे मात्र नाही. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची कल्पना मांडली गेली. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि सुमारे अठरा वर्षे तिथे राहिले. पुढे त्यांनी आपला अनुभव ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या पुस्तकात मांडला. मुलाच्या हातून शेवटी काय चित्र तयार होते यापेक्षा ते करताना त्याचे काय होते, याकडे शिक्षकाने पाहावे, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, पाने अशा हाताशी असलेल्या गोष्टींतून बालशिक्षण उभे केले. पण या प्रयोगांना श्रेणी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. ते आदराने उल्लेखिले गेले आणि शाळा परीक्षेच्या वाटेने चालत राहिल्या. १९६५ साली राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय झाले. रेखाकला परीक्षांची व्यवस्था त्याच्याकडे आली आणि ती तालुक्यातालुक्यांत पोचली.

*

आता परीक्षेकडे वळू. तिच्यावर टीका करण्याआधी तिचे देणे मान्य केले पाहिजे. वस्तुचित्राच्या पेपरात मुलाला हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यावे लागते. तांब्याचे तोंड गोल असते हे त्याला ठाऊक असते, पण समोरून ते लंबगोल दिसते. जे ठाऊक आहे आणि जे दिसते आहे यांतला फरक मुलाला बहुधा इथेच पहिल्यांदा कळतो. हे लहान शिक्षण नाही. भूमितीच्या पेपराने कर्कटक आणि पट्टीची शिस्त लावली. ज्या घरांत रंगपेटी ही चैन मानली जाते, त्या घरांतल्या आई-बापांनी परीक्षेच्या निमित्ताने ती आणली. छोट्या गावांतल्या कितीतरी मुलांना चित्रकला हा शिकण्याचा विषय आहे हे या परीक्षेनेच कळवले. परीक्षा बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

माझा आक्षेप पेपरांतल्या तुटलेपणावर आहे. वस्तुचित्रात मूल पाहायला शिकते आणि स्मरणचित्रात त्याला न पाहिलेले काढायची सवय लागते. दोन्ही पेपर एकाच परीक्षेत असतात, तरी एकमेकांशी बोलत नाहीत. स्मरणचित्राला लागणारे साहित्य मूल आपल्या दिवसांतून आणत नाही, तयार नमुन्यांच्या पुस्तकांतून आणते. ही पुस्तके दुकानात सहज मिळतात. त्यांतली माणसे पाहिली की मला जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आठवतात. १९४५ साली ‘दीपावली’ सुरू करणाऱ्या दीनानाथ दलालांची रेषा जिवंत होती, कारण तिच्यामागे माणसे पाहिलेली होती. त्या रेषेची नक्कल कॅलेंडरात आली, कॅलेंडराची जाहिरातीत, जाहिरातीची नमुन्याच्या पुस्तकात आणि तिथून मुलाच्या कागदावर. इतक्या हातांतून आलेल्या बाईच्या कमरेवर घागर असते, पण घागरीला वजन नसते.

स्मरणातून काढणे या गोष्टीला कलाशिक्षणात मोठा अर्थ आहे. पॅरिसमधले शिक्षक लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी १८४८ साली स्मरणशक्तीच्या शिक्षणावर एक पुस्तिका लिहिली. ते विद्यार्थ्यांना वस्तू नीट न्याहाळायला लावत, मग ती दूर करून आठवणीतून काढायला सांगत. सोप्या आकारापासून सुरुवात करून चालत्या-फिरत्या माणसांपर्यंत ते नेत. शिल्पकार रोदँ त्यांचे विद्यार्थी होते. म्हणजे स्मरणचित्राच्या आधी पाहण्याचे काम असते आणि ते काम शिक्षकाने करून घ्यायचे असते. आपल्या तासात तेवढे वगळले गेले आणि पाठांतर उरले.

काही जण म्हणतील, मुले ठोकळेबाज चित्रे काढतातच, तो वयाचा भाग आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ सालच्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. सात ते नऊ या वयात मूल घर, झाड, माणूस यांसाठी आपापली ठरलेली चिन्हे तयार करते, हे खरेच आहे. पण ती चिन्हे त्या मुलाची स्वतःची असतात. पुढे त्याला आपले चित्र खऱ्यासारखे का दिसत नाही, हा प्रश्न पडायला लागतो. नेमक्या याच वेळी बहुतेक मुले ‘मला चित्र येत नाही’ म्हणून थांबतात. एलिमेंटरीला बसणारे मूल या वळणाच्या पुढेच असते. त्याला पाहायला मदत हवी असते आणि आपण त्याला मोठ्यांनी तयार केलेले चिन्ह देतो. त्याचे चिन्ह काढून घेऊन दिलेले.

*

हे सगळे वाचून, जमवून झाले तरी मला स्वतःच्या मतावर विश्वास नव्हता. पुस्तकातून आलेले मत मुलांसमोर टिकते का, हे पाहायला हवे होते. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका शाळेने मला शनिवारी मुलांबरोबर बसू दिले. तिथले चित्रकला शिक्षक निवृत्त झाले होते आणि जागा भरली गेली नव्हती. सातवी-आठवीची वीसेक मुले होती. पहिल्या शनिवारी मी विषय दिला: पाणी भरणे. चाळीस वर्षांनंतर माझीच विहीर वीस कागदांवर पुन्हा उगवली. घागर, पाठमोरी बाई, नारळ. कोणी शिकवले म्हणून विचारले, तर कोणालाच सांगता येईना.

या मुलांच्या वस्तीत नळाला आठवडा-आठवडा पाणी येत नाही. जायकवाडीचे एवढे मोठे धरण जवळ असूनही आमच्या शहराने पाण्याच्या तारखा मोजत कितीतरी वर्षे काढली, हे वाचकांना ठाऊक असेल. या मुलांनी विहिरीवर पाणी भरलेले नव्हते, त्यांच्याकडे टँकर यायचा. मी त्यांना काही समजावले नाही. एवढेच सांगितले, की पुढच्या वेळी टँकर आला की चित्र काढू नका, फक्त पाहा. कोण कुठे उभे असते, पाइप कोणाच्या हातात असतो, पाणी सांडते ते कुठे जाते. शनिवारी मला तोंडी सांगा. दोन शनिवार आम्ही नुसते बोललो. तिसऱ्या शनिवारी कागद दिले.

एका मुलीचे चित्र मी अजून जपून ठेवले आहे. कागदभर निळे प्लास्टिकचे ड्रम आहेत. टँकरचा फक्त मागचा भाग कोपऱ्यात दिसतो. पाइप अजगरासारखा ड्रमांवरून गेला आहे आणि तो दोन बायकांनी दोन बाजूंनी धरला आहे. भांडण चालले आहे हे त्यांच्या कोपरांवरून कळते. खाली, अगदी कागदाच्या कडेला, एक लहान मूल सांडलेल्या पाण्यात ताटली धरून बसले आहे. ते कोण, असे विचारल्यावर ती म्हणाली, “माझा भाऊ. तो रोज तेच करतो. आई म्हणते, तेवढं तरी झाडाला घाल.” हारीतीच्या पायाशी मेंढ्या झुंजवणारी मुले मला त्या क्षणी आठवली.

पण इथे गोष्ट संपवली, तर मी वाचकांना फसवल्यासारखे होईल. कारण त्या मुलीला तिचे चित्र आवडले नव्हते. “ड्रम पडल्यासारखे दिसतात,” असे ती म्हणाली आणि तिचे म्हणणे बरोबर होते. तिने सगळ्या ड्रमांची तोंडे पूर्ण गोल काढली होती आणि तळ सपाट रेषेत. मी ‘छान आहे, तुझ्या भावना उतरल्या’ म्हणून वेळ मारून नेऊ शकलो असतो. मुक्त आविष्काराच्या नावाखाली हल्ली असेच केले जाते. ती मुलगी भावना विचारत नव्हती, ड्रम उभा कसा करायचा हे विचारत होती. मग आम्ही शाळेचाच एक ड्रम वर्गात आणला. उभे राहून पाहिला, बसून पाहिला, डोळ्याच्या पातळीला आणून पाहिला. तोंडाचा लंबगोल कसा अरुंद होत जातो ते पाहिले. म्हणजे एलिमेंटरीच्या वस्तुचित्राचा धडाच घेतला. फरक एवढाच, की हा लंबगोल तिला हवा होता, कारण तिच्याकडे सांगायला ड्रम होता. पुढच्या चित्रात ड्रम उभे राहिले. सगळे नाही, पण पुढचे तीन नक्की.

माझा निष्कर्ष या तीन ड्रमांवर उभा आहे. पाहिलेले नसेल तर कौशल्य नारळाची झाडे काढते. कौशल्य नसेल तर पाहिलेले कागदावर आडवे पडते. परीक्षेने दुसरी बाजू धरली, परीक्षेच्या टीकाकारांनी पहिली. मुलाला दोन्ही एकाच तासात लागतात.

*

मग या शिक्षणाचे मोल काय? चित्रकलेने गणित सुधारते, मार्क वाढतात, असे पालकसभांत सांगितले जाते. एलन विनर आणि लुइस हेटलंड यांनी २००० साली कला आणि इतर विषयांतली प्रगती यांच्या संबंधावरचे कित्येक दशकांचे संशोधन एकत्र तपासले. नाट्य आणि संगीताच्या बाबतीत काही मर्यादित संबंध त्यांना आढळले, पण दृश्यकला शिकल्यामुळे इतर विषयांत प्रगती होते याला खात्रीलायक आधार मिळाला नाही. कलेच्या बाजूचे लोक त्यांच्यावर रागावले. मला मात्र त्यांचे पुढचे काम महत्त्वाचे वाटते. त्यांनी सहकाऱ्यांसह चांगल्या कलावर्गांत बसून तिथे खरोखर काय शिकवले जाते ते नोंदवले आणि २००७ साली पुस्तकरूपाने मांडले. निरखून पाहणे, कामाला चिकटून राहणे, मनात कल्पून पाहणे, आपल्या कामाचा स्वतः विचार करणे, अशा सवयी त्यांना आढळल्या. गणितासाठी चित्रकला शिकवायची, तर गणितच जास्त शिकवावे. चित्रकला शिकवायची ती तिच्या स्वतःच्या सवयींसाठी.

आपल्याकडे मोल ठरवण्याचा आणखी एक मार्ग निघाला आहे. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला ३, ५ किंवा ७ वाढीव गुण मिळतात. या गुणांमुळे चित्रकलेला घरात मान मिळाला, हे मी नाकारत नाही. पण त्याचबरोबर पाठ केलेल्या विहिरीची किंमतही पक्की झाली. सात गुण हवे असलेले मूल टँकर काढण्याचा धोका का पत्करेल? परीक्षकाला विहीर ओळखीची आहे.

आणि शिक्षक? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलेसाठी अंशकालीन निदेशक आहे, तोही सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुले असतील तिथे. म्हणजे वाडी-वस्तीवरची लहान शाळा मुळातच हिशेबाबाहेर राहते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला सगळ्या विषयांत मिसळावी असे म्हटले आहे. शब्द चांगले आहेत. पण मी पाहिलेल्या शाळांत या मिसळण्याचा अर्थ विज्ञानाच्या तक्त्याला रंगीत किनार असा झाला आहे. गुण आहेत, धोरण आहे, परीक्षाकेंद्र आहे. ड्रम वर्गात आणून मुलीशेजारी वाकून बसणारे माणूस तेवढे कमी होत चालले आहे. तासाला येऊन तासाला जाणाऱ्या माणसाकडून ते होत नाही, मी शनिवारपुरता जाऊन हे शिकलो आहे. माझे शनिवारही आठ महिन्यांत थांबले. त्या मुलीला पुढे कोणी शिकवले, मला माहीत नाही.

परीक्षेपुरते बोलायचे, तर फार मोठे बदल लागणार नाहीत. स्मरणचित्राचा विषय असा असावा, की त्याचे उत्तर दुकानातल्या पुस्तकात सापडू नये: ‘तुमच्या शाळेचे फाटक, सुटी झाल्यावर’, ‘तुमच्या घरी पाणी येते तेव्हा’. मुलाने वर्षभर पाहून केलेली रेखाटनवही चित्राबरोबर तपासावी, मग ती वेडीवाकडी का असेना. परीक्षकाने ओळखीच्या विहिरीला गुण कमी द्यावेत. आणि या शहरातल्या, जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने अजिंठ्याची सहल नेली, तर मुलांना एका तरी लेण्यात अर्धा तास वही-पेन्सिल घेऊन खाली बसू द्यावे. आमच्यापासून शंभर किलोमीटरवर, एकेकाळी मुंबईहून, कलकत्त्याहून, लंडनहून माणसे येऊन महिनोन्‌महिने पाहत बसली. आमची मुले तिथे रांगेत चालतात आणि बसमध्ये परत येतात.

मागच्या हिवाळ्यात मी पुन्हा दोन नंबरच्या लेण्यात गेलो होतो. कुठल्याशा शाळेची सहल आली होती. शिक्षक पुढे सरकायची घाई करत होते. रांगेच्या शेवटी असलेला एक मुलगा हारीतीपाशी थांबला, वाकला आणि त्याने शेजारच्याला कोपर मारून ती शाळा दाखवली. दोघे हसले. मग त्यांना हाक आली.